सूक्ष्मकर्जासाठी संस्था निवडताना तुम्ही काय बघता?

कोरांटी
किवावर, म्हणजे जगभरातल्या गरीब कर्जदारांना स्थानिक संस्थांमार्फत छोटी कर्जं देता येतात त्या वेबसाइटवर, थोडे पैसे फिरवायचा विचार आहे. २५ डॉलरपासून देता येतात, आपल्याला व्याज मिळत नाही, मुद्दल परत आलं की पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचं, इथवर समजलं. गाडी अडलीय ती निवडीपाशी. माझ्या काही अटी आहेत, हट्ट म्हणा हवं तर. मांसासाठी जनावरं पाळायला माझा पैसा नको. धर्मप्रसाराशी जोडलेली संस्था नको. आणि मी बिनव्याजी दिलेले पैसे मधली संस्था गरीब बाईला तीस-पस्तीस टक्क्यांनी देणार, हे काही पचत नाही. फोटो बघून, गोष्ट वाचून एखादी शिलाईवाली निवडली तर भागेल का, की संस्थेचीही कुंडली मांडावी लागेल?

खमंग_चिवडा
एवढा काथ्याकूट कशाला? फिल्टर आहेतच की, महिला, शेती, शिक्षण वगैरे. ज्या संस्थेची थकबाकी शून्य, ती घ्यायची आणि मोकळं व्हायचं. मी तेच करतो.

जमाखर्च
'थकबाकी शून्य' वाचून राहवलं नाही. नोकरीत बरीच वर्षं अशा संस्थांचं अंतर्गत ऑडिट करण्यात गेली, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी शिलाईवालीचं. फोटोतल्या बाईला कर्ज बहुतेक वेळा तुम्ही बटण दाबायच्या आधीच मिळालेलं असतं. संस्था आपल्या गल्ल्यातून देते आणि तुमच्या पैशांनी तो गल्ला भरून निघतो. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या संशोधकाने हे उघड मांडलं, बराच गदारोळ झाला, आणि किवाने आपल्या मजकुराची भाषा बदलली. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. कर्ज हवं असलेल्या माणसाला इंटरनेटवर पैसे जमेपर्यंत ताटकळत ठेवणं त्याहून वाईट. पण अर्थ एवढाच, की तुम्ही शिलाईवाली निवडा नाहीतर शेळीवाली, पैसा एकाच गल्ल्यात जातो. अटी लावायच्या त्या संस्थेला लावा.

आता शून्य थकबाकी. गटकर्जात, म्हणजे बायकांचा गट एकमेकींच्या हप्त्याला जामीन असतो तिथे, एकीचा हप्ता कमी पडला की सभा उठत नाही. वसुलीला आलेला पोरगा घड्याळ बघत बसून राहतो, बाकीच्या आपापसांत कुजबुजतात, मग कुणीतरी पदराची गाठ सोडते. रजिस्टरात वसुली १०० टक्के. म्हणून मी रजिस्टर बाजूला ठेवून बायकांच्या वह्या मागायचो. एकीच्या पासबुकात हप्ता भरल्याचा शिक्का, आणि त्याच तारखेला शेजारणीच्या वहीत तेवढीच रक्कम उसनी दिल्याची नोंद. थोडी उशिराची परतफेड दिसते पण बुडीत फारसं नाही, अशी संस्था मला जास्त बरी वाटते. ती बहुधा सवलत देत असते. केनियात वगैरे काम करणारी वन एकर फंड शेतकऱ्यांना बी-खत उधारीवर देते आणि हंगामभरात जमेल तेव्हा, जमेल तेवढे फेडू देते.

व्याजाचा नुसता आकडा बघू नका. फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकेवर (उरलेल्या मुद्दलावर), ते विचारा. १०,००० वर २० टक्के फ्लॅट, बारा मासिक हप्ते, म्हणजे महिन्याला १,०००. ऐकायला २०, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असल्याने खरा वार्षिक दर पडतो ३५ च्या आसपास. त्यात प्रोसेसिंग फी, विमा आणि सक्तीची बचत आधीच कापली, तर बाईच्या हातात १०,००० येतच नाहीत, व्याज मात्र पुऱ्या रकमेवर. तरीही चढा दर म्हणजे लूटच, असं नाही. लहान कर्जाला चकरा मोठ्या कर्जाइतक्याच पडतात. म्हणून संस्थेचं व्याज-उत्पन्न आणि नफा शेजारी शेजारी ठेवून बघा. दर चढा आणि नफा जेमतेम असेल, तर पैसा खर्चात जातोय. दर चढा आणि नफाही दणदणीत असेल, तर तो कुणाच्या खिशात जातो ते विचारा. मेक्सिकोतली कॉम्पार्तामोस सेवाभावी संस्था म्हणून सुरू झाली आणि २००७ मध्ये शेअर बाजारात गेली. कर्जदारांना पडणारा दर तेव्हा वर्षाला ८० टक्क्यांच्या वर होता, आणि आधीच्या भागधारकांची चांदी झाली. सूक्ष्मकर्जाची चळवळ उभी करणारे, बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी तेव्हा जाहीर टीका केली होती.

कोरांटी
बापरे. मग अजिबात व्याज न घेणारं कुणी नाहीच का?

जमाखर्च
आहे की. पाकिस्तानातली अखुवत २००१ पासून बिनव्याजी देते, देणग्यांवर चालते आणि सगळ्या धर्मांच्या लोकांना देते. पण कर्जवाटप पुष्कळदा मशिदीत किंवा चर्चमध्ये होतं, म्हणजे तुमची दुसरी अट आडवी आली! मी प्रार्थनास्थळापाशी अडणार नाही. कर्जासाठी धर्म विचारतात का, एवढंच बघेन. तुम्ही तुमचं ठरवा.

आडवातिडवा
थोडं विरजण घालतो. सूक्ष्मकर्जाने नेमका काय फरक पडतो हे तपासणारे सहा देशांतले प्रयोग २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को. लोकांना व्यवहारात थोडी मोकळीक मिळाली, पण उत्पन्न सरासरीने फारसं वाढल्याचं दिसलं नाही. गरिबी हटवायची असेल तर सरळ देणगी द्या.

जमाखर्च
मान्य. गरिबी हटते म्हणून नव्हे, अडीनडीला सावकारापेक्षा बरा पर्याय असावा, म्हणून मी देतो. तेवढंही न करणाऱ्या संस्था आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

कोरांटी
आणि शेळ्या?

जमाखर्च
ग्रामीण भागात सरसकट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यादीत शेळ्या-कोंबड्या येणारच. फक्त सौरदिवे, पाणी-संडास किंवा शिक्षणासाठी देणाऱ्या संस्था निवडा, नाहीतर ती अट सोडा.

कोरांटी
अट सोडवत नाही. मग पाणी-संडासवाल्या दोन संस्था काढते आणि हप्ता चुकला तर काय करता, असं दोघींना लिहून विचारते.

जमाखर्च
सक्तीच्या बचतीचंही विचारा. ती बचत हवी तेव्हा काढता येते का, हे खास.