‘चार हजार वर्षांचं वैर’ हे वाक्य आता पुरे

रानवाट

शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटात परवा एकाने लिहिलं: "अरब आणि ज्यूंचं भांडण अब्राहमच्या दोन मुलांपासूनचं आहे. चार हजार वर्षं चाललंय, अजून चार हजार चालेल. आपण कशाला डोकं शिणवायचं?" खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर लिहायला घेतलं तर "इथे राजकारण नको" म्हणून गप्प केलं. बावीस वर्षं इतिहास शिकवतोय आणि तितकीच वर्षं हे वाक्य ऐकतोय. म्हणून इथे लिहितो.

वैर इतकं जुनं असतं, तर १४९२ साली स्पेनने हाकलल्यावर हजारो ज्यू उस्मानी (तुर्की) सुलतान बायझीदच्या राज्यात आसऱ्याला गेले नसते. मायमोनिडीससारखा ज्यू धर्मपंडित कैरोत सलाउद्दीनच्या दरबारी वैद्य झाला नसता. सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं मी म्हणत नाही. ज्यूंना जिझिया होता, दुय्यम दर्जा होता. पण आज जे भांडण दिसतं ते त्या जातीचं नाही.

ते १८८२ च्या पुढचं आहे. रशियात ज्यूंच्या कत्तली झाल्या, तिथून लोक पॅलेस्टाईनला यायला लागले. १८९७ ला स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये थिओडोर हर्झल या ज्यू पत्रकाराने पहिली झिओनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं घर मागणाऱ्यांची, परिषद भरवली. दोनच वर्षांत, १८९९ ला, जेरुसलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्र लिहिलं. ज्यूंचा त्या भूमीशी संबंध त्यांनी नाकारला नाही, उलट मान्य केला. पण तिथे आधीच लोक राहतात, तेव्हा देवाच्या नावाने पॅलेस्टाईनला सोडा, अशी विनवणी केली. उत्तर हर्झलने दिलं, आणि त्याचा सूर होता की तुमच्या लोकांचा यात फायदाच आहे, काळजी नको. माझ्या मते भांडणाचं बीज या दोन पत्रांत आहे. एकाने विचारलं ‘आमचं काय?’, दुसऱ्याने सांगितलं ‘तुमची भरभराट होईल’.

मग आले इंग्रज. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला अरब राज्याचं आश्वासन देणारी ब्रिटिश अधिकारी मॅकमहनची पत्रं, १९१६ ला फ्रेंचांशी प्रदेश वाटून घेणारा सायक्स-पिको करार, २ नोव्हेंबर १९१७ ला ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर देऊ करणारा बाल्फोर जाहीरनामा. एकच जमीन तीन जणांना. बाल्फोरच्या पत्रात तिथल्या शंभरातल्या नव्वद माणसांचा उल्लेख ‘ज्यूंखेरीज इतर समाज’ असा आहे. त्यांना नागरी आणि धार्मिक हक्क आहेत, राजकीय हक्काचा शब्द नाही. ब्रिटिश मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू मंत्री एडविन माँटेग्यू या जाहीरनाम्याच्या ठाम विरोधात होता, आणि तो त्या वेळी आपला भारतमंत्री होता. धर्माचंच भांडण असतं तर हे कसं समजावणार?

सडेतोड

असहमत, पूर्णपणे. सोयीचं तेवढं वेचलंत. पैगंबरांच्या सैन्याने ज्यूंविरुद्ध लढलेली खैबरची लढाई ६२८ ची, तिचं नाव आजही मोर्चांत घोषणा म्हणून दिलं जातं. १०६६ ला ग्रनाडात ज्यूंची कत्तल झाली. तुमचा मायमोनिडीस कैरोला पोहोचला तो स्पेनमधल्या कोर्दोबातून अल्मोहाद या मुस्लिम राजवटीच्या छळाने बाहेर पडून, हे का गाळलंत? १८३४ ला पॅलेस्टाईनमधलं ज्यू वस्तीचं साफेद लुटलं गेलं, १८४० ला दमास्कसमध्ये रक्ताचा आळ (ज्यू विधीसाठी ख्रिस्ती माणसाचं रक्त वापरतात असा) घालून ज्यूंना तुरुंगात हाल हाल करून मारलं. हे सगळं तुमच्या १८८२ च्या आधीचं.

शिवाय दोनदा वाटणी समोर आली. १९३७ ला ब्रिटिशांच्या पील आयोगाची, १९४७ ला संयुक्त राष्ट्रांची. अरब नेत्यांनी दोन्ही नाकारल्या. त्यांचा नेता, जेरुसलेमचा मुफ्ती हुसैनी, १९४१ मध्ये बर्लिनला हिटलरला भेटायला गेला. याला तुम्ही ‘आमचं काय?’ म्हणणार? आणि जमिनी ज्यूंनी रोख पैसे मोजून घेतल्या. विकणारे अरबच होते. विकायची आणि मग लुबाडलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

अष्टागर

मूळ वादात पडणार नव्हतो, पण "विकणारे अरबच होते" वाचलं आणि राहवलं नाही. विकलं कोणी? कसणाऱ्याने की कागदावर नाव असणाऱ्याने?

१८५८ ला उस्मानी सरकारने जमिनीचा कायदा केला, नोंदणी सक्तीची झाली. फल्लाहांना, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांना, धास्ती होती की नाव लागलं की कर येणार आणि पोरगा सैन्यात जाणार. त्यामुळे गावंच्या गावं शहरातल्या बड्या धेंडांच्या नावावर चढली. बैरुतचं सुरसुक घराणं त्यातलंच. त्यांनी मर्ज इब्न आमिरचं खोरं १९२० च्या दशकात ज्यू संस्थांना विकलं. कुळं पिढ्यान्‌पिढ्या तिथे, मालक बैरुतला. आधीही मालक बदलायचे, पण कुळ जागेवरच राहायचं. नव्या खरेदीत कुळ उठवूनच जमीन द्यायची होती, कारण १९०१ ला स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम असा की जमीन पुन्हा विकायची नाही, पट्ट्याने द्यायची ती ज्यूंनाच आणि तिच्यावर मजूरही ज्यूच.

मी अलिबागजवळच्या चरीच्या बाजूचा. आमच्या पणजोबांनी खोताची जमीन अर्धेलीने केली. १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या मागे संप सुरू झाला, सहा वर्षं शेतं ओसाड टाकली. पणजीने लाकूडफाटा विकून पोरं जगवली. सरकारदफ्तरी ‘मालक’ कोण होता ते आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून सांगतो, मालकाने विकली म्हणजे गावाने विकली असं होत नाही.

सडेतोड

खोतीवर घसरायची गरज नव्हती, पण आता घसरलातच तर दुसरी बाजूही ऐका. आमची जमीन कुळकायद्यात गेली. पणजोबा वारलेले, पणजी विधवा, घरात कमावतं कोणी नाही. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला आणि तिच्या हाती आली ती तुटपुंजी रक्कम, तीही हप्त्याने. आणि त्याआधी, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा जिल्ह्यातला आमचा वाडा जळाला. ते साल पण १९४८ च, पॅलेस्टिनी निर्वासित झाले तेच. आजोबा चौदा वर्षांचे होते, अंगावरच्या कपड्यानिशी पुण्याला आले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छावणीत बसून सूड जपला नाही. शिकले, नोकरी केली, आम्हाला शिकवलं. म्हणून मला त्या रडगाण्याची सहानुभूती वाटत नाही. माझ्या आजोबांसाठी कुठली परिषद भरली नव्हती.

अष्टागर

तुमच्या पणजीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण ‘जमीन गेली’ कसली? ती कसणाऱ्याला मिळाली, विधिमंडळात कायदा होऊन मिळाली. आमच्या चार पिढ्या तिच्यात राबल्या त्याचा मोबदला कोणी मोजला? खोताच्या दारात पायताण काढून उभं राहायचे माझे पणजोबा. त्याला तुम्ही वैभव म्हणता.

सडेतोड

वैभव हा शब्द मी वापरला असेल तर दाखवा! वापरला नाही. खोत वाईट होते म्हणून विधवेचं ताट ओढून घेणं चांगलं होत नाही. तुम्ही सगळ्या जमीनवाल्यांना एका दावणीला बांधताय.

अष्टागर

आणि तुम्ही कुळांना चोर ठरवताय. कूळ लावून घ्यायला माझे आजोबा दोन वर्षं तालुक्याला खेपा घालत होते. तलाठ्याने पीकपाहणीत नावच टाकलं नव्हतं. कागदाच्या जोरावर माणूस कसा पुसला जातो ते मी घरात ऐकलंय, तुम्ही नाही.

आखाती

दोघेही थांबा जरा. तुमचं भांडण खोटं नाही, पण या धाग्याला फाटा फुटला तो मिटेना, म्हणून मधे पडतो.

सडेतोड, तुमचे आजोबा पुण्याला आले तेव्हा ते पुण्यातही नागरिकच होते. मतदार झाले, शिधापत्रिका मिळाली, कॉलेजात प्रवेश मिळाला. फरक तिथे आहे. मी कुवेतमध्ये एका कंत्राटदाराकडे हिशेबनीस होतो. शेजारच्या टेबलावर गाझाचा एक माणूस होता. त्याचे वडील मूळचे मजदलचे, मागवाले, कापड विणायचे. मजदल म्हणजे आजचं अश्कलोन. १९४८ नंतर ते गाझाच्या छावणीत आले. याच्याकडे पासपोर्ट नव्हता, इजिप्तने दिलेला प्रवासाचा कागद होता. त्या कागदावर खुद्द इजिप्तही त्याला आत घेईलच असं नव्हतं.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य आलं. आम्ही भारतीय बसने इराकमार्गे अम्मानला गेलो, तिथून एअर इंडियाने मुंबई. सांताक्रूझला उतरल्यावर मी जमिनीला हात लावला. तो मागेच राहिला. पुढच्या वर्षी कुवेत मोकळं झालं आणि अराफतने सद्दामची बाजू घेतली म्हणून तिथल्या साडेतीन-चार लाख पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना देश सोडावा लागला. हाकलणारे अरबच होते, हेही लिहून ठेवतो. तो कुठे गेला, मला कळलं नाही. माझ्या मुलीच्या बारशाला त्याने पाठवलेली चांदीची वाटी घरात आहे.

लोदकर

मी इस्रायलहून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. अष्टागर, तुमच्या आणि आमच्या गावात दोन टेकड्यांचं अंतर असेल. बाय, म्हणजे माझी आजी, १९६० च्या दशकात इथे आली. अलिबागला तिला ज्यू म्हणून कोणी बोट लावलं नाही. उलट इथे आल्यावर १९६२ मध्ये रब्बी विचारायला लागले की तुम्ही खरे ज्यू का, लग्नं लावायची का नाही. १९६४ पर्यंत लोक त्यासाठी रस्त्यावर होते. हे सांगतोय कारण इथलं सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही.

पण रानवाट, तुमच्या लेखात आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जागा नाही. ते बगदादचे. जून १९४१ मधला फरहूद त्यांनी लहानपणी गच्चीवरून पाहिला. दोन दिवसांत १८० च्या आसपास ज्यू मारले गेले. त्या माणसांनी कोणाची शेतं घेतली होती? इंग्रजीही धड येत नव्हतं त्यांना, घरी अरबीच बोलायचे. १९५० च्या कायद्याने नागरिकत्व सोडा आणि जा, १९५१ मध्ये मालमत्ता गोठवली. एक सुटकेस घेऊन आले. बाल्फोरचं पत्र त्यांच्या बापाने वाचलंही नसेल. अरब देशांतून निघालेले असे ज्यू आठ लाखांच्या घरात आहेत.

आणि खालच्या मजल्यावर एक अरब कुटुंब आहे. जुलै १९४८ मध्ये लोद, त्यांचं अल लिद्द, रिकामं केलं गेलं. जी थोडी माणसं मागे राहिली त्यांतलं हे घर. मे २०२१ मध्ये आमच्या गल्लीत गाड्या जळाल्या, तेव्हा तीन दिवस आम्ही तिन्ही मजले एकमेकांना जिन्यात भेटत होतो आणि बोलत नव्हतो. मला भांडणाचं ‘बीज’ वाचताना तो जिना आठवतो.

रानवाट

लोदकर, बगदादचं मी लिहायला हवं होतं. मान्य. फक्त एवढं म्हणेन की इराकमधली ज्यूंची वस्ती अडीच हजार वर्षांची, आणि ती दीड वर्षात जवळजवळ संपली ती १९५०-५१ मध्ये. अडीच हजार वर्षं टिकलेली वस्ती विसाव्या शतकात मोडते तेव्हा कारणंही विसाव्या शतकातच शोधावी लागतात.

सडेतोड, तुमचं दमास्कस. १८४० चा तो आळ घातला ख्रिस्ती साधूंच्या मठातून आणि उचलून धरला फ्रेंच वाणिज्यदूताने. एक कॅपुचिन साधू बेपत्ता झाला होता. रक्ताचा आळ हे युरोपातून आलेलं विष, ते अरबी भाषेत नंतर रुजलं, आणि रुजलं हे खरं. वाटणीचं म्हणाल तर १९४७ ला ज्यू लोकसंख्या एक तृतीयांश, देऊ केलेली जमीन निम्म्याहून जास्त. त्या वेळी भारतानेही विरोधात मत दिलं. तुमच्या सातारच्या घराची अशी वाटणी कोणी मांडली असती तर आजोबांनी सही केली असती का?

आणि कुळांच्या बाजूने कोणी बोललंच नाही असं नाही. १९१० मध्ये सुरसुकांनी अल फुला गाव विकलं तेव्हा नाझरेथचा उस्मानी कैमकाम, म्हणजे तिथला जिल्हा अधिकारी, शुक्री अल असली याने ताबा द्यायला नकार दिला. वरून हुकूम आला, गाव उठलंच. तिथे १९११ ला मेरहाविया ही ज्यू वसाहत वसली. तो पुढे उस्मानी संसदेत जाऊन याच विषयावर बोलला. १९१६ ला तुर्कांनीच त्याला दमास्कसला फाशी दिलं.

सडेतोड

शुक्री अल असलीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. कुळ उठवण्याचा मुद्दा तेवढा मान्य करतो, तोही अष्टागरांच्या सुरामुळे नाही, कैमकामाच्या नकारामुळे. दमास्कसच्या साधूंचंही ठीक.

पण वाटणीला पर्याय काय होता ते कोणी सांगत नाही. १९२४ ला अमेरिकेने दार लावलं, १९३८ ला ज्यू निर्वासितांसाठी फ्रान्समधल्या एव्हियाँला बत्तीस देश जमले आणि जवळपास सगळ्यांनी नकार दिला. १९३९ ला इंग्रजांनी पॅलेस्टाईनचंही दार पाच वर्षांत पंच्याहत्तर हजारांवर आणून ठेवलं. जर्मनीतल्या ज्यूने जायचं कुठे?

आणि पॅलेस्टाईनमधलं हेब्रॉन. तिथले जुने ज्यू शतकानुशतकं तिथलेच, धार्मिक, झिओनिस्टांशी देणंघेणं नसलेले. त्यांनाही १९२९ ला कापलं. एवढ्या मोठ्या लेखात त्याची एक ओळ नाही. आधी ती लिहा, मग पुढचं बोलू.

रानवाट

दार बंद करणाऱ्या देशांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याची किंमत मजदलच्या विणकराने का मोजायची हा माझा प्रश्न तसाच उरतो.

हेब्रॉनचं चुकलं. मूळ लेख आता बदलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. २४ ऑगस्ट १९२९, शनिवार, शब्बाथचा दिवस. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून महिनोन्‌महिने वाद पेटला होता, ज्यू अल अक्सा मशीद बळकावणार अशी अफवा पसरली. हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले, त्यांत येशिवातले, म्हणजे ज्यू धर्मशाळेतले, विद्यार्थी होते, बायका-मुलं होती. शहरात पोलीस मूठभर. अनेक अरब कुटुंबांनी शेजाऱ्यांना घरात लपवलं, दारात उभं राहून जमावाला अडवलं, आणि त्यामुळे बरेच वाचले. वाचलेल्यांना इंग्रजांनी शहराबाहेर नेलं. त्या आठवड्यात सगळ्या पॅलेस्टाईनमध्ये १३३ ज्यू आणि ११६ अरब गेले. अरबांपैकी बहुतेक पोलीस आणि लष्कराच्या गोळ्यांनी.