हॉलचा पंखा, मावशींचा गिझर आणि रविवारची पार्किंग

आण्णा (ए-२०३): नमस्कार मंडळी. हॉलचा पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतोय. रिटायर झाल्यापासून घरातली किरकोळ लाईटची कामं आपणच करायची असं ठरवलंय. वायरमन "संध्याकाळी येतो" म्हणतो आणि त्याची संध्याकाळ काही होत नाही. कुणी सांगेल का काय झालं असेल?

नाना (सी-२०१): 🌹🌹 शुभ सकाळ 🌹🌹

सेक्रेटरी: नाना, सोसायटीच्या ग्रुपवर फुलं नकोत असं मीटिंगला ठरलंय.

आबा (बी-१०१): आण्णा, कंडेन्सर (पंख्याला जोर देणारी बारीक डबी) गेला असंल. आधी पंखा बंद करून हातानं फिरवा. हलका फिरला, खरखर न्हाई आली, तर बेअरिंग ठीक हाय. चालू केल्यावर नुसता हुंकारतोय, हातानं ढकलल्यावर फिरतोय, असं असंल तर कंडेन्सरच. साध्या पंख्याला बहुतेक २.५ एमएफडीचा (हे कंडेन्सरचं माप) असतोय, पण जुन्यावर काय छापलंय ते बघूनच नवा आणा. जास्त पळावा म्हणून काहीजण मोठा बसवतात, मग वाइंडिंग तापतंय आणि पंखाच जातोय.

आण्णा (ए-२०३): म्हणजे शंभराच्या आत काम. लक्ष्मीपुरीतनं आणतो आणि लावतो.

काकू (ए-२०३): स्टूल बाहेर निघालंय. कुणीतरी थांबवा यांना.

डॉक्टर वहिनी (बी-४०२): आण्णा, थांबा. तुम्ही बीपीची गोळी घेता, आणि मला आठवतंय त्याप्रमाणे प्रोस्टेटचीही. दोन्हींनी उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. त्यात स्टुलावर उभं राहून मान मागं टाकायची, दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचे, पाच मिनिटं तसंच राहायचं. गरगरायला एवढं पुरेसं आहे. या वयात खुबा मोडला तर पुढचे काही महिने गेलेच समजा. आणि ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी तर स्टुलाचं नावच काढू नये. डोक्याला लागलेलं बाहेरून दिसत नाही, आत रक्तस्राव होत राहतो.

आबा (बी-१०१): वहिनी एकदम बरोबर बोलल्या. कारखान्यात जन्म गेला माझा. निव्वळ शॉकनं गेलेला माणूस कमी बघितला, बारीक शॉक बसला म्हणून दचकून शिडीवरनं खाली आलेला लई बघितलाय. आण्णा, कंडेन्सर आणून ठेवा, बी विंगेतलं पोरगं चढंल. आपण खाली उभं राहून शिडी धरायची आणि अक्कल शिकवायची. ते जास्त मजेचं.

रोहनची आई (बी-३०३): चढेल की. कॉलेजातून आला की पाठवते. फक्त काय बंद करायचं ते आबांनी सांगा.

आबा (बी-१०१): पंख्याचं बटण बंद करून भागत न्हाई. जुन्या वायरिंगात बटण न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर) लावलेलं सापडतंय, मग बटण बंद असलं तरी वर फेज (करंट आणणारी वायर) जिवंत हाय. त्या खोलीचा एमसीबी (बोर्डातला, लोड वाढला की आपोआप पडणारा खटका) पाडायचा. आणि ज्यांच्याकडं इन्व्हर्टर हाय त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा: मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पंखे-दिवे जिवंतच राहतात. उलट मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतंय लाईट गेली, आणि तो चालू होतोय. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग टेस्टर. टेस्टर पण आधी चालू सॉकेटला लावून पेटतोय का बघायचा, मगच त्याच्यावर भरवसा.

मावशी (ए-१०२): मी शाळेत विज्ञान शिकवायचे तरी विचारते. गेला आठवडाभर बाथरूममधल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. ओल्या हाताला जास्त. थंडीमुळे असेल असं आमचे हे म्हणतात.

आबा (बी-१०१): मावशी!! गिझर आत्ताच्या आत्ता बंद. बटणानं न्हाई, एमसीबीनं. तो परत चालू करायचा न्हाई, आणि आंघोळीचं पाणी गॅसवर.

मावशी (ए-१०२): बंद केला.

आबा (बी-१०१): बहुतेक एलिमेंट (गिझरातली पाणी तापवणारी कांडी) फुटलाय आणि अर्थिंग पण धड न्हाई. नुसता एलिमेंट गळला असता आणि अर्थिंग चांगलं असतं तर करंट तिकडनं गेला असता, तुमच्या हातापर्यंत आला नसता. मागं तुमच्याकडं फरशी बदलली तवा बाहेरनं वायरमन आणलेला न्हवं? त्यानं अर्थिंगची हिरवी वायर कुठं जोडली ते बघायला पाहिजे. दुपारी मीटर घेऊन येतो.

सौरभ (सी-३०२): आबा, पण एमसीबी आहे की. करंट लीक झाला तर तो पडायला नको?

आबा (बी-१०१): हितंच सगळे फसतात भावा. एमसीबी वायर वाचवतोय, माणूस न्हाई. १६ अँपिअरच्या एमसीबीला १६ च्या वर लोड गेल्याशिवाय किंवा शॉर्ट झाल्याशिवाय काय कळत न्हाई. माणसाला ३० मिलीअँपिअर भारी पडतंय, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा करंट. एमसीबी बिचारा झोपलेलाच असतोय. माणूस वाचवणारा आरसीसीबी वेगळा. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतोय. आण्णांच्या बँकेतल्या कॅशियरसारखं: गेलेलं आणि आलेलं जुळलं न्हाई की शटर खाली. घरात ३० मिलीअँपिअरचा लावायचा.

आबा (बी-१०१): आणि तो लावला म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा न्हाई. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर त्याच्या हिशेबात सगळं जुळतंय. तो पडत न्हाई.

आण्णा (ए-२०३): आमच्या बोर्डावर "टी" असं बारीक बटण आहे, तेच का? दाबून बघू?

आबा (बी-१०१): दाबा की. त्यासाठीच दिलंय. आधी काँप्युटर, टीव्ही बंद करा. दाबल्या दाबल्या खटका पडायला पाहिजे.

आण्णा (ए-२०३): दाबलं. काही झालं नाही.

काकू (ए-२०३): दोनदा दाबलं. लाईट चालूच आहे.

आबा (बी-१०१): मग तो नुसता शोभेचा हाय. बदला. महिन्यातनं एकदा हे बटण दाबायचं असतंय, पण बसवल्यापासून कुणी दाबत न्हाई, आत सगळं चिकटून बसतंय. हे काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडनं करून घ्या, हितं हौस नको.

सेक्रेटरी: चांगली सूचना. सर्वांनी आपापला "टी" दाबून ग्रुपवर "पडला" किंवा "नाही पडला" एवढंच लिहावं. ज्यांच्याकडे आरसीसीबीच नाही त्यांनी "नाही" लिहावं.

वहिनी (ए-३०१): पडला.

सौरभ (सी-३०२): पडला. ऑफिसचा कॉल पण पडला.

बी-२०२: नाही.

नाना (सी-२०१): नाही. बरं एक विचारू, हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा ना?

आण्णा (ए-२०३): हो नाना. केंद्राच्या पेन्शनरांचं वय ८० च्या वर असेल तर १ ऑक्टोबरपासूनही चालतो. मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आता, बँकेत रांग नको. घरी या, करून देतो.

आबा (बी-१०१): नाना, हयात राहायचं असंल तर आधी आरसीसीबी बसवा.

डॉक्टर वहिनी (बी-४०२): 😄 आबांनी माझं काम कमी केलं. पण पडण्याबद्दल अजून बोलायचंय. आपल्या तिन्ही विंगेतले बरेच ज्येष्ठ रोज रंकाळ्यावर जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजचा अर्धा तास धरला तर पाच दिवसांत होतं. पण तीच संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगते. ते कुणीच करत नाही. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा-बसा. रंकाळ्याच्या सपाट वाटेवर तोलाची परीक्षा होत नाही, ती बाथरूमच्या उंबऱ्यावर होते.

काकू (ए-२०३): आणि येताना मिसळ खातात ते कशात धरायचं? कट जादा, वर पाव एक्स्ट्रा.

आण्णा (ए-२०३): हे ग्रुपवर सांगायची गरज नव्हती.

आबा (बी-१०१): आण्णा एकटेच न्हाईत, आमी चौघं असतो. आणि गंगावेशीत धारोष्ण दूध पण पितो. कोल्हापुरात राहून ओट्स खायचे का?

डॉक्टर वहिनी (बी-४०२): रविवारी खा, रोज नको. मिसळीपेक्षा माझा आक्षेप लोणचं, पापड, फरसाण यांवर आहे. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं. आणि बीपी घरी मोजता ना? चहा पिऊन लगेच मोजू नका. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा, मग मोजा. नंतर उभं राहून एक ते तीन मिनिटांत परत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर मला दाखवा. रात्री उठल्यावर पडणारी बरीच मंडळी यातलीच असतात.

मावशी (ए-१०२): रात्री उठायचं म्हणजे मला आधी अंधारात दारापर्यंत चाचपडत जावं लागतं. बेडरूमचं बटण दाराशी आहे.

आबा (बी-१०१): मग खरं काम हे हाय मंडळी. म्हाताऱ्या माणसाच्या घरात लाईटचं काम म्हणजे पंख्याचा कंडेन्सर न्हाई. पलंगाशेजारी टू-वे स्विच पाहिजे: दाराशी लावा, झोपताना उशाशी बंद करा, जिन्यात असतंय तसं. पलंग ते बाथरूम एवढ्या वाटेत जमिनीलगत बारीक एलईडी, रात्रभर चालू ठेवलं तरी बिलात दिसत न्हाई. बाथरूममध्ये बेलचं बटण, दोरीवालं, म्हणजे खाली पडलेल्या माणसाचा पण हात पोचंल. इस्त्रीचा, मिक्सरचा सॉकेट कमरेच्या उंचीला. वाकायचं न्हाई, चढायचं न्हाई.

वहिनी (ए-३०१): दोरीची बेल आमच्या सासूबाईंसाठी लगेच करून घेते. हे कुणी सुचवलंच नव्हतं.

आण्णा (ए-२०३): मग आम्ही रिटायर लोकांनी नुसतं बघत बसायचं का?

आबा (बी-१०१): बघायचंच काम लई हाय. प्रत्येक सॉकेट बघा, भोकाच्या कडेला तपकिरी डाग हाय का. प्लग काढून पिनेला वास घ्या, जळका येतोय का. (बंद करून हां.) २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर खातोय, आणि आपल्यात कुणीतरी तो ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून चालवतंय, मी नाव घेत न्हाई. बोर्डातल्या कुठल्या एमसीबीनं कुठली खोली बंद होते ते शोधून मार्करनं मराठीत लिहा. अर्धा दिवस जातोय याला, आणि शेजाऱ्याला पण कळलं पाहिजे असं लिहा. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघा, पण चष्मा घालून, आणि डिस्टिल्डच घाला, नळाचं न्हाई. आण्णांचं अक्षर बँकेतलं हाय, त्यांनी तिन्ही विंगेतले बोर्ड लिहून द्यावेत.

आण्णा (ए-२०३): हे जमेल. पण चहा प्रत्येक घरी.

डॉक्टर वहिनी (बी-४०२): बिनसाखरेचा. आणि रविवारी पार्किंगमध्ये अर्धा तास द्या मला. शॉक लागलेल्या माणसाला काय करायचं ते दाखवते. पहिली गोष्ट, त्याला हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला करायची. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, आणि पाच सेंटिमीटर खोल. उशीवर सराव करू. शुद्धीवर आला, चहा प्याला, चालला घरी, असं करायचं नाही. ईसीजी काढून घ्यायचा.

सेक्रेटरी: रविवारी ९ वाजता ठेवू?

आबा (बी-१०१): नऊला पाणी येतंय, सगळ्या बायका मोटारीपाशी. दहा.

काकू (ए-२०३): पाण्याला फक्त बायकाच का असतात आबा?

आबा (बी-१०१): दहाला ठेवा, आण्णा पाणी भरून येतील.

रोहनची आई (बी-३०३): रोहन आलाय. आण्णा, शिडी आणू का आमची? घडीची आहे, स्टुलापेक्षा बरी.

आण्णा (ए-२०३): आण. एमसीबी पाडलाय, इन्व्हर्टर पण बंद. टेस्टर आबांचा आणतो.

मावशी (ए-१०२): आबा, दुपारी किती वाजता येताय? मीटर आणताना तुमच्याकडचा पाना पण आणा, यांचा सापडत नाहीये.

आबा (बी-१०१): जेवून, साडेतीनला.