मदत हवी आहे: पृथ्वीचं वय मुलांना कसं समजवावं?

सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवायला नेतेय. बेसॉल्टचे ते सरळसोट खांब सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. पण 'कोटी' म्हटलं की मुलांना सगळं सारखंच वाटतं.

चोवीस तासांचं घड्याळ वापरून पाहिलं, सेकंदांत सगळे गोंधळले. मग चर्चगेट-विरार लोकल घेतली: ६० किलोमीटर म्हणजे सुमारे ४६० कोटी वर्षं, चर्चगेटला पृथ्वीचा जन्म, विरारला आज. हे लगेच पटलं! गिल्बर्ट हिल विरारच्या किलोमीटरभर आधी, आणि तीन लाख वर्षांचा आपला माणूस शेवटच्या चार मीटरांत.

अडतंय ते मधल्या प्रवासात. वांद्र्याच्या आसपास सूक्ष्मजीव, गोरेगाव सोडल्यावर हवेत ऑक्सिजन, आणि मग थेट वसईपुढे प्राण्यांची गर्दी. एवढा लांब पट्टा मुलांना रिकामा वाटतो, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

टेकडीवर प्रोजेक्टर नाही, वेळ तासभर, मुलं मराठी माध्यमाची. नुसती चित्रं नकोत, हातात देता येईल असं काहीतरी हवंय. गोरेगाव ते वसई या टप्प्यासाठी कोणत्या दोन-तीन घटना घ्याव्यात, आणि त्यांच्यासोबत काय दाखवावं?