चिनी कंपनीशी करार: आर्बिट्रेशनचं कलम कसं लिहावं?

भोसरीकर
निंगबोच्या कंपनीकडून इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतोय. साधारण सव्वा कोट, ३० टक्के आगाऊ. मी म्हटलं वाद पुण्यात, ते म्हणाले निंगबोत. शेवटी त्यांच्या सेल्सवाल्या बाईंनी पाठवलंय: "वाद चीनमध्ये लवाद किंवा न्यायालयामार्फत सोडवावा." करू का सही?

कलमकसाई
नको! 'लवाद किंवा न्यायालय' असं दोन्ही ठेवलं की चीनमध्ये ते लवादाचं कलम रद्द ठरण्याची भीती असते. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचं २००६ चं स्पष्टीकरण तसंच आहे. शिवाय कुठली संस्था, तेही लिहिलेलं नाही.

पुण्याच्या कोर्टाचाही हट्ट सोडा. इथली डिक्री घेऊन निंगबोत वसुली होणं महाकठीण. आर्बिट्रेशनचा (लवादाचा) निवाडा मात्र चालतो, कारण परदेशी निवाडे मान्य करण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आपणही आहोत आणि १९८७ पासून चीनही. भारताने २०१२ मध्ये या करारासाठी चीनला राजपत्रात अधिसूचित केलंय, म्हणजे तुमच्याविरुद्धचा निवाडाही इथे बजावता येतो, हे ध्यानात ठेवा.

मी हाँगकाँग मागेन. सिंगापूर उत्तमच, पण २०१९ पासून हाँगकाँगमधल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे प्रकरण असेल तर चीनच्या न्यायालयात जाऊन समोरच्याची मालमत्ता आधीच गोठवायचा अर्ज करता येतो. सिंगापूरला ही सोय नाही. आणि पैसा निंगबोत आहे.

कलमात एवढं हवंच: संस्थेचं पूर्ण नाव (हाँगकाँग इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर), आर्बिट्रेशनचं कायदेशीर स्थान (सीट) हाँगकाँग, कलमाला हाँगकाँगचा कायदा, आर्बिट्रेटर एक, भाषा इंग्रजी. संस्थेच्या साइटवर नमुना आहे, तोच उचला. आपली अक्कल त्यात घालू नका.

शांघायवारी
ते सीटॅकवरच (CIETAC, चीनमधली आर्बिट्रेशन संस्था) अडले तर बीजिंग मान्य करा, पण भाषा लिहा. नाही लिहिली तर कामकाज चिनीत. शाखेचं नावही मोघम नको: २०१२ मध्ये शांघाय आणि शेन्झेनच्या शाखा फुटून निघाल्या, आणि प्रकरण नेमकं कुणाकडे जायचं यावरच लोक कोर्टात भांडत बसले.

कंपनीचं नाव चिनी लिपीत घ्या, बिझनेस लायसन्सवरच्या १८ अंकी-अक्षरी कोडसकट. इंग्रजी नाव ते हवं तसं लिहितात. सहीबरोबर कंपनीचा लाल शिक्का हवाच.

भोसरीकर
सव्वा कोटीसाठी हाँगकाँगचा खर्च परवडेल का?

कलमकसाई
म्हणूनच आर्बिट्रेटर एक. तीन घेतलेत तर फीच घाम काढेल. आणि १० टक्के रक्कम कमिशनिंग होईपर्यंत (मशीन बसवून चालू होईपर्यंत) हातात ठेवा. लहान सौद्यात कलमापेक्षा तीच जास्त कामाला येते.

भोसरीकर
१० टक्क्यांना बाई तयार आहेत. पण आत्ता पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ बिल) आली, तिच्यावर हाँगकाँगच्या ट्रेडिंग कंपनीचं नाव आणि तिचंच बँक खातं.

शांघायवारी
मग आगाऊ रक्कम पाठवू नका. ट्रेडिंग कंपनीच्या नावावर बहुतेक वेळा काहीच नसतं. निंगबोच्या कारखान्यालाही करारात पक्षकार करा, त्याच आर्बिट्रेशन कलमाखाली. नाही म्हणाले तर दुसरा सप्लायर बघा, निंगबोत मशीनवाले ढीगभर आहेत.