मुलीला डेली सोपमध्ये मोठं काम मिळतंय. पाठवावं का?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. इथल्याच एका बालनाट्य वर्गाला जाते. तिथून तिचा एक व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला, मग ऑडिशन झाली, लूक टेस्ट झाली आणि परवा फोन आला. एका नव्या मराठी मालिकेत नायिकेच्या मुलीचं काम आहे. शूटिंग ठाण्याला, घोडबंदर रोडवर. महिन्यातले पंधरा-अठरा दिवस लागतील आणि मालिका चालली तर दोन-तीन वर्षं जातील, असं सांगतात. सासूबाई तिच्यासोबत ठाण्यात राहायला तयार आहेत. मुलगी तर बॅग भरून बसलीय.

अभ्यासाची काळजी आहेच. पण नऊ ते बारा ही वर्षं ती रोज संध्याकाळी लोकांच्या घराघरांत वाढणार, हे मला जास्त टोचतंय. ते नेमकं काय असतं हे मला माहीत नाही. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. कलाकारांचे किस्से नकोत, खरं काय घडतं ते सांगा.

सिंहगडरोडकर

पाचवीपासून शाळा बदलणार असेल तर आधी नव्या शाळेशी बोला. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला हजेरीवरून बराच त्रास झाला. पुढे दहावीपर्यंत हेच चालू राहिलं तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण ती वेळ येऊ नये. बाकी मला त्या क्षेत्रातलं कळत नाही.

पर्वतीपायथा

ताई, तुमच्या मुलीच्याच वयाची असताना मी एका मराठी मालिकेत होते. मालिकेचं नाव लिहीत नाही. आता मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही विचारलंय ते मला फार जवळचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अभ्यास होतो. लायटिंग चालू असताना मेकअप रूममध्ये गणितं सुटतात, आणि पाठांतराची इतकी सवय होते की इतिहासाचा धडा एका वाचनात डोक्यात बसतो. माझं गाडं अडलं ते मालिकेतल्या वयापाशी.

डेली सोपमध्ये एक लग्न महिनाभर चालतं. प्रेक्षकांच्या घरी गणपती असतात तेव्हा मालिकेतही गणपती बसतात, दिवाळीला दिवाळी होते, पण पात्राचं वय तिथेच राहतं. पहिल्या भागात मी दुसरीतली मुलगी होते. दोन दिवाळ्या झाल्या तरी दुसरीतच. इकडे मी सहावीत गेले होते. माझा सुळा पडला तेव्हा कंटिन्युइटीसाठी, म्हणजे आधीच्या सीनसारखंच दिसावं म्हणून, खोटा दात बसवला. उंची वाढली तशी माझ्या आईचं काम करणाऱ्या ताईच्या पायाखाली लाकडी पेटी आली. दोन वेण्या आणि रिबिनी शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. आवाज जरा जड व्हायला लागला तेव्हा 'अजून लाडात बोल' असं रोज ऐकायला मिळायचं.

मला पाळी आली ती सेटवरच. हेअरच्या मावशींनी जवळ घेतलं, सगळं नीट समजावलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्याच दुपारी माझा सीन होता बाहुलीचं लग्न लावण्याचा, आणि तो मी केला. त्या दिवसाबद्दल मी खूप वर्षं कुणाशी बोलले नाही. आपण मोठं होणं म्हणजे कामात अडचण आणणं, अशी एक समजूत त्या काळात माझ्या मनात घट्ट बसली. कुणी मुद्दाम बसवली नाही. सगळे माझ्यावर माया करणारे होते.

मग लीप आला. टीआरपी उतरला की गोष्ट काही वर्षं पुढे नेतात, त्याला लीप म्हणतात. मला तो कळला शाळेतल्या मैत्रिणीकडून. तिने प्रोमो पाहिला होता आणि त्यात माझ्या पात्राच्या नावाची एक वीस वर्षांची मुलगी होती. माझं शेवटचं शूटिंग त्याआधीच होऊन गेलं होतं, फक्त ते शेवटचं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बँकिंगचे, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, भाग संपेपर्यंत मी टीव्हीवर दिसत राहिले. तुळशीबागेत बायका गाल ओढून पात्राच्या नावाने हाक मारायच्या आणि मी हसायचे. नंतर त्याच विचारायला लागल्या, 'आता का गं दिसत नाहीस?' त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

यानंतर मी मुलांच्या भूमिका असलेल्या मालिका मुद्दाम बघत गेले. 'बालिका वधू' जुलै 2008 मध्ये सुरू झाली. अविका गौरची आनंदी घराघरांत पोचली, 2010 मध्ये लीप आला आणि आनंदी प्रत्युषा बॅनर्जी झाली. मालिका पुढे 2016 पर्यंत चालली. 'तारक मेहता' मध्ये उलटं. भव्य गांधी 2008 पासून 2017 पर्यंत टप्पू होता, तो गेला आणि टप्पू दुसऱ्या मुलाने पुढे चालवला. आपल्याकडे 2012 मध्ये 'उंच माझा झोका' आली. त्यात छोटी रमा तेजश्री वालावलकर होती आणि मोठी स्पृहा जोशी. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. रमाबाई रानड्यांचं आयुष्य सगळ्यांना माहीत, त्यामुळे छोटी रमा एक दिवस मोठी होणार आणि दुसरी नटी येणार हे गोष्टीतच लिहिलेलं होतं. असा ठरलेला लीप आणि टीआरपीसाठी रात्रीतून आणलेला लीप, यांत काम करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परदेशातल्या मालिका दर वर्षा-दोन वर्षांनी थोडे थोडे भाग करतात, म्हणून तिथे तीच मुलं टिकतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' 2011 मध्ये सुरू झाली तेव्हा मेझी विल्यम्स चौदा वर्षांची होती, 2019 मध्ये संपली तेव्हा बावीसची. तिची आर्या तिच्याबरोबर मोठी झाली. पण तिथेही नेहमी जमतंच असं नाही. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ची मुख्य गोष्ट 1983 ते 1987 एवढीच आहे आणि ती पडद्यावर यायला 2016 ते 2025 लागली. चार वर्षांच्या गोष्टीत नऊ वर्षं. ती मुलं बघताना मला माझ्या रिबिनी आठवतात.

तुम्ही नाही म्हणा, असं मी सांगणार नाही. काम मला मनापासून आवडायचं. कॅमेरा सुरू झाला की सेटवर जी शांतता पसरते तिची ओढ मला आजही आहे. पण होकार द्यायच्या आधी विचारा: पात्राचं वय किती, गोष्टीत लीप आधीच धरलाय का, आणि तो आला तर मुलीला कोण सांगणार, प्रोमो बाहेर पडायच्या किती आधी? शेवटचा दिवस शेवटचा म्हणूनच साजरा व्हायला हवा. तिला सगळ्यांचा निरोप घेता आला पाहिजे.

सासूबाई सोबत असणार हे फार चांगलं. त्यांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. रडायच्या सीनआधी कुणी 'तुझी आजी गेली असं समज' म्हणालं, तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवायचं. घाईत असं म्हणतात. मी आईला मनातल्या मनात इतक्यांदा मारलंय की घरी आल्यावर ती झोपली की तिचा श्वास बघत बसायचे. डोळ्यांत पाणी आणायला ग्लिसरीन असतं, ते वापरू द्या.

आणि पुण्यातलं काहीतरी एक चालू ठेवा, जे मालिकेसाठी कधीही रद्द होणार नाही. माझं टिळक टँकवर पोहणं होतं. टोपी-गॉगल घातला की मला कुणी ओळखायचं नाही, आणि तिथे मी माझ्या खऱ्या वयाच्या गटात पोहायचे. मालिका गेली तेव्हा ते उरलं होतं.

हिशेबनीस_नारायणपेठ

मी सीए आहे. वरचा अनुभव वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी फक्त कायद्याचं आणि पैशाचं सांगतो.

चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण 2016 च्या दुरुस्तीत बालकलाकारांना अटींसह सूट दिली आणि 2017 च्या नियमांत त्या अटी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, ओळीने 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची, म्हणजे तुमच्या बाबतीत ठाणे. ती सहा महिनेच चालते. मालिका लांबली तर पुन्हा घेतली का, हे तुम्ही विचारा. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, हेसुद्धा नियमातच आहे.

उत्पन्नाचे किमान 20 टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जायला हवेत, ते तिला अठराव्या वर्षी मिळतात. अमेरिकेत जॅकी कूगन नावाच्या बालनटाची कमाई घरच्यांनीच संपवली, त्यावरून कॅलिफोर्नियात 1939 मध्ये असा कायदा झाला. तिथे हिस्सा 15 टक्के आहे. माझा सल्ला, 20 वर थांबू नका, खर्च वजा जाता सगळंच तिच्या नावावर ठेवा. तिचं पॅन काढा. अंगच्या कलेतून मिळवलेलं मुलाचं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, त्यामुळे टीडीएस तिच्या पॅनवर कापला गेला तर परतावाही तिलाच मिळेल. पेमेंट बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतं, तेव्हा ठाण्याचं भाडं सुरुवातीला घरातून जाईल असं धरा.

रंगपीठ_मागे

मी बालनाट्याचे वर्ग घेतो. 1986 मध्ये पुण्यात थिएटर अकादमीने डॉ. मोहन आगाशेंच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स चळवळ आणली, तेव्हापासून इथे मुलांची नाटकं मोठी माणसं करतात आणि मुलं समोर बसून बघतात. मुलाचं काम लहान मुलानेच केलं पाहिजे असं नाही, हे पुण्याने पाहिलेलं आहे. मालिकेला ते चालणार नाही, कबूल. पण तुमची मुलगी परत येईल तेव्हा वर्गात तिला आधी काही महिने फक्त प्रेक्षक म्हणून बसू द्या. मालिकेतून आलेली मुलं वाक्य संपलं की कॅमेरा शोधतात. समोरच्याचं ऐकणं त्यांना पुन्हा यायला वेळ लागतो, पण येतं.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीपायथा, तुमचं लिहिलेलं आम्ही घरी मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी ग्लिसरीनचं लगेच मनावर घेतलं. आज ईपींना (मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरना) फोन करून पात्राचं वय आणि लीप दोन्ही विचारलं. वय आठ म्हणाले. लीपबद्दल 'चॅनलकडून अजून काही नाही, तेव्हाचं तेव्हा बघू' एवढंच. यावर काय करायचं? आणि मुलीला हे आत्ताच सांगायचं का?

पर्वतीपायथा

हो, आत्ताच सांगा, करार सही व्हायच्या आधी. 'तू हिचं लहानपण करणार आहेस, हिचं मोठेपण दुसरी ताई करेल' इतकं नऊ वर्षांच्या मुलीला नीट कळतं. ते ऐकूनही तिला जायचं असेल तर तिचं जाणं खरं.

ईपींवर चिडू नका, त्यांच्या हातात खरंच काही नसतं. पण फोनवर सोडू नका, मेल करा: लीप ठरल्यावर प्रोमोच्या किमान दोन आठवडे आधी पालकांना कळवावं, आणि मुलीचा शेवटचा शूटिंगचा दिवस तिला आधी माहीत असावा. करारात घालायला ते तयार नसतील तर मेलचं उत्तर तरी लेखी मागा. दर सहा महिन्यांनी परवानगी नव्याने घेतील तेव्हा हाच मेल पुन्हा पाठवा. आणि तिला पाळीबद्दल आधीच सांगून ठेवा, पिशवीत सामान ठेवा, सासूबाईंना ते कुठे आहे ते दाखवा.

मुलीला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर इथेच निरोप ठेवा. रविवारी सकाळी मी मोकळी असते.