कॅप्शन म्हणजे मथळा की चित्रओळ?

वेलांटी

प्रौढांसाठी काढलेल्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपटांच्या) शैलीतील चित्रांच्या एका संचासाठी मराठी मजकूर लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पात्रे सज्ञान आहेत, प्रसंग शृंगारिक आहेत आणि प्रत्येक चित्रावर दोन-चार ओळी बसवायच्या आहेत. या ओळींसाठी करारात मी सर्वत्र ‘चित्रओळ’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून ‘मथळा’ केले. मथळा माथ्यावर असतो अशी माझी समजूत आहे, आणि माझ्या ओळी तर कधी कोपऱ्यात, कधी पात्राच्या खांद्यापाशी, कधी मागच्या मोकळ्या भिंतीवर येतात. शिवाय याच कामात आणखी एक लेखन आहे. चित्रात पात्रे किती, केसांचा रंग कोणता, प्रसंग खोलीतला की बाहेरचा, असे कोरडे वर्णन प्रत्येक चित्रामागे नोंदवायचे असते, म्हणजे चित्र शोधता येते आणि चित्रे काढणाऱ्या संगणकीय प्रणालीला शिकवताही येते. त्यालाही कॅप्शनच म्हणतात. या दोन्हींसाठी मराठीत वेगवेगळे शब्द हवे आहेत.

खिळेजुळारी

वर्तमानपत्रात आम्ही आयुष्यभर ‘फोटोओळ’ म्हणत आलो. मथळा बातमीला, ओळ फोटोला, यात आमच्याकडे कधी गोंधळ झाला नाही. मात्र फोटोओळ ही फोटोच्या बाहेर असते आणि ती त्रयस्थ असते: डावीकडून अमुक, उजवीकडे तमुक. आपण सांगता त्या ओळी पात्राच्या तोंडच्या किंवा मनातल्या दिसतात. तो संवाद झाला. त्याला ओळ म्हटले तरी फोटोओळीचे नियम लागू होणार नाहीत. उलट आपले ते कोरडे वर्णन फोटोओळीच्या अधिक जवळचे आहे.

अवग्रह

तपासणाऱ्या गृहस्थांची बाजू थोडी घेतो. कॅप्शन हा शब्द लॅटिनमधील ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. इंग्रजीत तो आधी कायद्याच्या कागदावरील वरच्या मजकुरासाठी, नंतर प्रकरणाच्या शीर्षकासाठी रुळला आणि चित्राच्या खाली तो फार उशिरा उतरला. म्हणजे मूळ शब्दच डोक्यावरून पायाशी घसरलेला आहे. मग ‘मथळा’ या शब्दाला माथ्यावरच बांधून ठेवण्याचा आग्रह का? शब्द कुठे बसतो यापेक्षा तो काय काम करतो ते पाहावे.

रफार

काम पाहायचे तर ‘मथळा’ आणखीच चुकीचा ठरतो. मथळा सारांश सांगतो. शृंगारिक चित्रावरच्या ओळीने सारांश सांगितला तर चित्र पाहण्याचे कारणच उरत नाही. डोळ्यांना जे दिसते आहे तेच लिहिणारा माणूस कंटाळवाणा असतो. जे दिसत नाही, म्हणजे आधी काय झाले, कोण कोणाला काय म्हणाले, कोणी काय लपवले, ते ओळीने द्यायचे असते.

जपानमध्ये याची जुनी परंपरा आहे. एदो काळातील (१६०३ ते १८६८) ‘शुंगा’, शब्दशः वसंतचित्रे, ही शृंगारिक ठोकळाछपाईची चित्रे पाहिली तर पुष्कळ ठिकाणी आकृत्यांभोवतीची सगळी मोकळी जागा बारीक, वळणदार अक्षरांनी भरलेली दिसते. त्यात पात्रांचे बोलणे असते, उसासे असतात, थट्टाही असते. होकुसाई या चित्रकाराच्या १८१४ मधील, ऑक्टोपस असलेल्या प्रसिद्ध चित्रातही पार्श्वभूमी अशाच मजकुराने व्यापलेली आहे. त्या मजकुराला ‘काकिइरे’ म्हणतात, म्हणजे ‘आत लिहिलेले’. म्हणून माझी सूचना: आतल्या मजकुराला ‘अंतर्लेख’ आणि मागच्या कोरड्या वर्णनाला ‘चित्रनोंद’.

खिळेजुळारी

‘अंतर्लेख’ म्हटले की एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यातील शिलालेख डोळ्यांपुढे येतो. चावट चित्राला हे फारच सोवळे वाटते.

अवग्रह

सोवळे वाटले म्हणून शब्द टाकायचा असेल तर ‘दिग्दर्शक’ आणि ‘बोलपट’ हे सावरकरांचे शब्दही तेव्हा सोवळेच वाटले असतील. आज ‘दिग्दर्शक’ म्हणताना कोणाच्या मनात दिशा येत नाही. पण माझी खरी हरकत वेलांटीताईंच्या पहिल्याच वाक्यातील ‘प्रौढ’ या शब्दाला आहे. प्रौढ म्हणजे परिपक्व, गंभीर. प्रौढ शिक्षण म्हणतात, प्रौढ लेखनशैली म्हणतात. ‘प्रौढांची चित्रे’ म्हटले की चाळिशी उलटलेले, चष्मा लावलेले गृहस्थ दिसतात. सरळ ‘शृंगारिक’ म्हणावे.

काकपद

अवग्रह, आपण इथे उलटे जात आहात. ‘प्रौढ’ हा प्र आणि ऊढ यांच्या संधीतून बनला आहे. ऊढ हे ‘वह्’ धातूचे रूप, ऊढा म्हणजे विवाहित स्त्री, नवोढा म्हणजे नववधू. काव्यशास्त्रातील मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा या नायिकांपैकी तिसरीला प्रौढा असेही म्हणतात, आणि ती प्रौढा ठरते ती शृंगारातील जाणतेपणामुळे. तेव्हा या चित्रांसाठी ‘प्रौढ’ हा शब्द मला नेमका वाटतो. वयाची अटही त्यातून आपोआप सांगितली जाते, जी ‘शृंगारिक’ या शब्दातून सांगितली जात नाही. अशा कामात ती सांगितलीच पाहिजे.

रफार यांनी जपानपर्यंत जाण्याची गरज नव्हती, हेही सांगून टाकतो. हाल राजाच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातील कितीतरी गाथा म्हणजे चित्र नसलेली कॅप्शनेच आहेत. दोन ओळींत कोणीतरी कोणाला तरी काही सांगते. कोण, कोणाला, ते गाथेत पुष्कळदा नसतेच. मग टीकाकार आधी सांगतो की ही दूती नायकाला म्हणते आहे, किंवा ही सखी सखीला. चित्र असते तर टीकाकाराचे निम्मे काम वाचले असते.

वेलांटी

‘कोण म्हणते’ हा मुद्दा निघाला म्हणून माझी दुसरी अडचण सांगते. जपानी वाक्यात कर्ता गाळता येतो आणि क्रियापदाला लिंग नसते. एका चित्रात दोन व्यक्ती आहेत, ओळ कोणाची हे मुद्दाम झाकून ठेवलेले आहे, आणि मराठीत ‘मी समजत होते’ किंवा ‘मी समजत होतो’ लिहिले की झाकण उडते. तिथे मी ‘मला वाटलं होतं, तू येणार नाहीस’ असे केले. त्यात बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही आणि ऐकणाऱ्याचेही नाही. तपासणाऱ्यांनी त्याचे ‘मला वाटले होते’ केले.

रफार

तिथे आपण अजिबात माघार घेऊ नये. पात्राच्या तोंडच्या बोलीरूपावर अनुस्वार द्यायला प्रचलित लेखननियमांतही मुभा आहे. ऐन मिठीत असलेली व्यक्ती ‘वाटले होते’ म्हणत असेल तर ती बहुधा अर्ज वाचून दाखवत असावी.

खिळेजुळारी

अनुस्वाराची चिंता नंतर करा, आधी अक्षरे नीट उमटतात का ते पाहा. जपानी मजकूर उभा लिहिला जात असल्यामुळे तिथले संवादाचे फुगे उंच आणि अरुंद असतात. त्यात ‘थरथरणाऱ्या’ हा शब्द घाला: एका ओळीत मावत नाही, आणि तोडला तर ‘थरथर’ वर आणि ‘णाऱ्या’ खाली पडतो. चित्रे जुळवण्याच्या काही प्रणाली देवनागरीची जुळणी नीट करत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. दोन ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मी असतो तर ‘थरथरणाऱ्या’ काढून ‘कापऱ्या’ केले असते. ऱ्या तिथेही आहे, पण शब्द निम्मा झाला.

काकपद

थरथर आणि कापरे यांत फरक आहे. कापरे भीतीने किंवा थंडीने भरते. थरथर सुखाचीही असू शकते. जागेसाठी रस बदलू नये.

खिळेजुळारी

जागेसाठी आम्ही मंत्र्यांची पदे बदलली आहेत, रसाचे काय घेऊन बसलात!

वेलांटी

आपण सर्वांनी एवढे लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. करार उद्या पाठवायचा असल्यामुळे तूर्त मी त्यात ‘कॅप्शन’ हाच शब्द ठेवला आहे. आतल्यासाठी ‘संवाद-कॅप्शन’ आणि मागच्यासाठी ‘वर्णन-कॅप्शन’. पण आता पहिल्याच कलमात ‘ती कॅप्शन’ आणि तिसऱ्या कलमात ‘ते कॅप्शन’ असे झाले आहे. काकपद यांनीही वर ‘कॅप्शने’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन केले आहे.

अवग्रह

नपुंसकलिंगच योग्य. स्टेशन, पेन्शन, ऑपरेशन यांच्या पंगतीत पाहा.

रफार

पेन्शन माझ्या घरात तरी कायम स्त्रीलिंगी आहे. ‘पेन्शन आली का?’ असेच विचारतात. आणि कॅप्शन ही ओळ असल्यामुळे ती ‘ती’च.

अवग्रह

मग संवाद-कॅप्शन ‘तो’ म्हणा, संवाद पुल्लिंगी आहे.