गुरुबहिणीचा हेवा दाखवला म्हणजे संगीताची बदनामी झाली? मला नाही पटलं

उतरलेला तंबोरा: काल इथं एकानं लिहिलं की ती दोन गुरुबहिणींवरची कादंबरी आपण शंभराव्या पानावर मिटून ठेवली, कारण कलावंत हा साधक असतो, त्याला दुसऱ्याचा हेवा वाटतो असं दाखवणं म्हणजे संगीताची बदनामी आहे. वाचून डोकं इतकं फिरलं की आता सविस्तरच लिहितो.

अहो, कोल्हापुरात राहून असं लिहिता? जयपूर घराण्याची गायकी घडवणारे अल्लादिया खाँसाहेब, त्यांचा आवाज ऐन उमेदीत एका संस्थानात गाऊन गाऊन बसला. दुसरा कोणी असता तर शिकवण्या करत बसला असता. त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्यानं बांधली, ती पेचदार तान, ते अनवट राग, आणि तेच गाणं घेऊन शाहू महाराजांच्या दरबारात आले. आता हिला महत्त्वाकांक्षा नाही तर काय म्हणायचं? आणि गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं काय झालं ते आठवा. खाँसाहेबांची तालीम सुरू झाली, मधेच तुटली, मग दुसऱ्या घराण्याच्या उस्तादांकडं, मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडं, आणि अखेर १९३४ साली खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे रीतसर शिष्यत्वाचा धागा. एवढी वर्षं त्या बाईनं नुसत्या भक्तिभावानं काढली असं वाटतं तुम्हाला? कादंबरीतली धाकटी बारा वर्षं थोरलीच्या मागं बसून तंबोरा छेडते आणि मनातल्या मनात प्रत्येक तान थोरलीच्या आधी घेऊन मोकळी होते, ते पान वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो. बदनामी कसली, आजवर हे कुणी लिहिलं नव्हतं एवढंच.

शांत षड्ज: पोस्ट माझीच होती. हेवा नसतो असं मी म्हटलेलं नाही, नीट वाचा. माझं म्हणणं असं की शंभर पानांत रियाज दीड पान आणि जळफळाट सत्तर पानं. ज्याला पहाटे चारला उठून खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायचाय त्याला दिवसभर जळत बसायला वेळ कुठला? गायिका केसरबाई केरकर लहानपणी इथंच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं काही महिने शिकल्या, पुढं कितीतरी वर्षं अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली, तेव्हा कुठं त्या केसरबाई झाल्या. कादंबरीत ती वर्षं कुठायत? लेखकाला भांडण कळतं, गाणं कळत नाही.

मधली तार: षड्ज यांना माझा पाठिंबा. पान ४१ बघा, थोरली मालकंस सुरू करते आणि "तंबोऱ्याचा पंचम घुमू लागला". मालकंस रागात पंचम, म्हणजे 'प', असतो का हो? पहिली तार मध्यमाला लावतात हे गाण्याच्या क्लासला वर्षभर गेलेलं पोरगंसुद्धा सांगेल. जो माणूस एवढं विचारायला कुणा गाणाऱ्याकडं गेला नाही त्यानं गाणाऱ्यांच्या मनातलं मला सांगू नये.

खासबागचा: ईर्षा वाईट नसतेच मुळी. तालमीत जोड नसंल तर पैलवान तयार होतो का? आमच्या गायक-नट केशवराव भोसल्यांचंच घ्या. ८ जुलै १९२१, मुंबईत 'मानापमान' नाटकाचा दोन कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी. नायक धैर्यधर केशवराव आणि नायिका भामिनी बालगंधर्व. दोन कंपन्यांची एवढी चुरस, तरी एका रंगमंचावर उभे राहिले आणि त्या रात्री केशवरावांनी मैदान मारलं. माझ्या आज्ज्याचे वडील हजर होते, आमच्या घरात हे चार पिढ्या चालत आलंय.

भामिनीचा भाऊ: आलं परत! मैदान मारलं कुणी ठरवलं? आमच्या घरात नेमकं उलटं सांगतात. बालगंधर्वांच्या पहिल्या पदालाच लोक वेडे झाले म्हणे. तुम्ही ऐकलंय का दोघांना? नाही. मी ऐकलंय का? नाही. मग कुस्तीच्या निकालासारखं कशाला ठोकून देताय.

खासबागचा: कुस्तीचं नाव घ्यायचं काम नाही. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर आणि कुस्तीचं मैदान एकमेकाला लागून बांधलं ते उगाच नव्हं. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय अवघं ३१. उरलेली सगळी वर्षं बालगंधर्वांच्या वाट्याला आली म्हणून आज त्यांचं नाव मोठं वाटतं. आणि तेच पॅलेस थिएटर, आताचं केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह, २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. माझ्यापुढं तुलना करू नका.

भामिनीचा भाऊ: जळालं त्याचं दुःख मलाही आहे ओ, माझं पहिलं नाटक मी तिथंच बघितलं. पण त्याचा आणि कोण चांगलं गायलं याचा काय संबंध? भावनेवर घेऊ नका.

उतरलेला तंबोरा: कादंबरीवर बोला की जरा.

कोमल रिषभ: मी बोलते. इथं सगळे पुरुष घराण्याच्या गोष्टी सांगतायत, माझी साधी आहे. आम्ही दोघी एकाच गुरुजींकडं जायचो, नाव घेत नाही. तिचे वडील वजनदार होते, माझे शाळेत शिपाई. एक चीज, म्हणजे बंदिश, गुरुजींनी आम्हाला बरोबरच सुरू केली. मला नुसती अस्थाई, म्हणजे पहिला भाग, मिळाली, तिला अस्थाई आणि पुढचा अंतरा. मी विचारलं की "अजून गळा तयार नाही" म्हणायचे. दोन वर्षं. मग मी माझा तास संपला तरी चप्पल घालायच्या निमित्तानं जिन्यात थांबायला लागले, आतून ती अंतरा गायची तो ऐकायला. एकदा गुरुजींनी बघितलं, त्या दिवसापासून दार लावून शिकवायला लागले. मी महिन्याभरात गाणं सोडलं.

षड्ज, तुम्ही म्हणता जळायला वेळ कुठला. मी पहाटे चारला उठूनच जळत होते. खर्ज लावताना डोळ्यासमोर तीच असायची, आणि खरं सांगते, माझा आवाज सगळ्यात जास्त सुधारला तो त्याच दोन वर्षांत. कादंबरीतली धाकटी मला खोटी वाटली नाही, एका ओळीतसुद्धा.

मधली तार: ताई, वाईट वाटलं वाचून. पण अशा गुरुजींवरून सगळ्या गुरूंना झोडपायचं का? अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँनी आपल्या धोंडूताई कुलकर्णींना शिकवलं, पुढं केसरबाईंसारख्या कडक बाईनं त्यांना जवळ केलं. देणारेही होते.

कोमल रिषभ: होते की. केसरबाईंनी आणखी कितीजणींना शिकवलं ते पण सांगा मग.

शांत षड्ज: बरं. जिन्याची गोष्ट वाचून मी गप्प झालो, ते कबूल करतो. रियाज आणि हेवा वेगळे धरले ही माझी चूक असेल. तरी लेखकानं ते असं एकत्र दाखवलंय असं शंभर पानांत मला दिसलं नाही, तुम्ही चार ओळीत दाखवलंत. एकशेएकाव्या पानापासून परत वाचतो. मालकंसाचा पंचम मात्र माफ करणार नाही.

उतरलेला तंबोरा: पंचम चुकलाच आहे, ते मीही मानतो. प्रकाशकाला पत्र लिहू, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतील. कोमलताई, तो अंतरा पुढं कुठं मिळाला का?

कोमल रिषभ: मिळाला, एका जुन्या ध्वनिमुद्रणात. ऐकला आणि बंद केला. शिकले नाही.

खासबागचा: ताई, तुमचं बोलणं काळजाला लागलं. भामिनीचे भाऊ, तुमच्या घरी त्या रात्रीबद्दल नेमकं कोण काय सांगायचं ते लिहा सविस्तर. माझं मत बदलणार नाही, पण लिहा.